डाळिंबाची खबरबात

अहो वहिनी, थांबा! गॅसवाल्याला पुन्हा फोन नका करू. तुमचा सिलिंडर अगदी ठणठणीत आहे. हा नासक्या अंड्यांचा वास आमच्याकडचा. चुना आणि गंधक एकत्र उकळून लालसर पाणी करतात, लाइम सल्फर म्हणतात त्याला. सकाळी डाळिंबाच्या वाळक्या लाकडाला लावलंय. उन्हात वाळलं की जाईल वास. ह्यांनी तर आज चहासुद्धा गच्चीत जाऊन घेतला, तोंड एवढंसं करून.

कुठलं डाळिंब काय विचारता? या इकडे, त्या विटांवर पाय द्या म्हणजे दिसेल. निळ्या पिंपाच्या पलीकडे, सिमेंट कालवायच्या घमेल्यात. तेच हो, मागच्या गल्लीतल्या आजींचं. पण जरा हळू, त्यांची धाकटी सून अजून या बाजूच्या मैत्रिणींबरोबर फिरायला येते, आणि येते ती याच वेळी.

तुम्हाला सगळं ठाऊक असेलच म्हणा. नाही? मग ऐका. आजोबांचं वर्षश्राद्ध होतंय न होतंय तोच बिल्डरची माणसं टेप घेऊन अंगणात. थोरला टोरांटोला, धाकटा बाणेरला. एरवी दिवाळीला आईनं कुणाकडे राहायचं यावरसुद्धा दोघांचं एकमत होत नाही, पण कागदांवर सह्या कशा झटपट झाल्या! आजी आता धाकट्याकडे, अकराव्या मजल्यावर. पुढच्या आंब्याच्या खोडाला नोटीस लावलेली मी स्वतः वाचली, झाड काढायला कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. मागच्या डाळिंबासाठी कोण कशाला नोटीस लावतंय? धुण्याच्या दगडाशेजारचं झुडूप ते, जन्मभर साबणाच्या पाण्यावर वाढलेलं. आजी सांगतात, आजोबांनी रोप गणेशखिंडीहून आणलं होतं. खरंही असेल. ‘गणेश’ डाळिंब तिथलंच. डॉक्टर चीमांनी १९३६ मध्ये आळंदीच्या डाळिंबांतून निवडलं होतं ते. दाणे फिके गुलाबी, पण बी मऊ, दातात अडकत नाही. आता बाजारात जिकडे तिकडे तो लालभडक भगवा.

तर वॉचमन म्हणाला, सोमवारी जेसीबी येतोय. मी रविवारीच माळीबुवांना घेऊन हजर. धाकट्याला फोन करून विचारलं होतं हं, उगाच चोरीचा आळ नको. म्हणाला, “न्या की काकू, नाहीतरी डंपरमध्येच जाणार.” हे ऐकून मला बरंही वाटलं आणि वाईटही. असो. वेळ मात्र छान साधली होती. रथसप्तमी नुकतीच झालेली. थंडीत डाळिंब झोपेत असतं, पानं विरळ झालेली असतात आणि नवी पालवी फुटायच्या बेतात असते. मुळं तोडलेली सोसतं ते याच दिवसांत. जेसीबी मे महिन्यात आला असता, तर मी हातच लावला नसता.

आधी वरचा सगळा भार उतरवला. माझ्या डोक्याच्या वर गेलेलं झाड गुडघ्याएवढं केलं. माळीबुवा कुऱ्हाड टेकून म्हणाले, “बाई, आता नेणार काय, आणि ठेवणार काय?” खरंच, मोडक्या छत्रीच्या दांड्यासारखं दिसत होतं. पण मुळं निम्मी तोडायची आणि पाला तसाच ठेवायचा हे कसं चालेल? पाणी ओढायला कोणी नाही, उडवायला सगळे! मग हातभर अंतरावरून गोल चर खणला. जाड मुळं करवतीनं कापली, कुदळीनं पिचू दिली नाहीत. पिचलेलं मूळ सडतं. बारीक तंतुमुळं जपली, कारण खरं पाणी पितात ती हीच. ओल्या गोणपाटात बांधलं आणि गाडीच्या डिकीत घातलं. हे ड्रायव्हिंग करत होते आणि वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. डिकीत माती पडली होती ना.

तुम्ही म्हणाल, ही बाई सांगोल्याची, भावाच्या डाळिंबाच्या बागा, मग लोकांच्या परसात कशाला शिरली? अहो, पहिला फोन दादालाच केला होता. त्यानं दोन एकर बाग काढली ना. सांगोला, आटपाडी, पंढरपूर, तिकडे बागाच्या बागा निघाल्या. आधी तेल्यानं छळलं, फळावर तेलकट काळे डाग आणि मग फळ उलायचं. त्यातून सावरतायत तोवर मर आणि खोडाला भोकं पाडणारे ते बारीक भुंगेरे. आज एक फांदी पिवळी, उद्या दुसरी, आणि बघता बघता झाड उभ्या उभ्या वाळतं. सोलापूरला २००५ मध्ये डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र झालं, दादा तिथे चपला झिजवून आलाय. मी म्हटलं, एवढी जुनी खोडं जळणात घालतोस, त्यातलं एक मला दे. तर फोनवर ओरडला, “आगं येडी का काय तू? ती माती बदनाम झालीया. मुळीसंगं रोग नेशील पुण्याला!” बरोबरच होतं त्याचं. मरीची बुरशी मातीत राहते, मुळांवाटे दुसऱ्या झाडात जाते. वाचवायला जायचं आणि घरच्या चार झाडांची वाट लावायची, हा कसला जीर्णोद्धार? म्हणून सांगते, फुकट मिळालं म्हणून कुठलंही खोड उचलून आणू नका. आधी ते का काढतायत ते विचारायचं. घर पाडतायत म्हणून निघालेलं झाड आणि रोगानं निघालेलं झाड यांत फरक आहे.

नाही नाही, लगेच त्या उथळ तबकात नाही लावायचं. पहिलं वर्ष घमेल्यातच. तळाला भोकं पाडली, वर जाळी ठेवली. विटांचे चाळून घेतलेले बारीक तुकडे, जाड वाळू, थोडं पालापाचोळ्याचं कुजलेलं खत. शेणखत अगदी नावाला. पाणी घातलं की खालून लगेच निघालं पाहिजे. आणि खोड तारेनं घमेल्याला करकचून बांधलं. ह्यांनी विचारलं, पळून जाणार आहे का? अहो, वाऱ्यानं खोड हललं की नुकती फुटलेली मुळं तुटतात, म्हणून बांधायचं. वर हिरवी जाळी. आणि मग गंमत झाली. महिन्याभरात लाल लाल फुटवे आले, हे पेढे आणायला निघाले! मी म्हटलं, थांबा. हे फुटवे खोडात साठलेल्या शिदोरीवर येतात. मुळं फुटली की नाही ते त्यांच्यावरून कळत नाही. पुष्कळांची झाडं इथेच दगावतात. पालवी दिसली की जाळी काढतात, खत घालतात, तारा गुंडाळतात, आणि एप्रिलच्या उन्हात एका दुपारी सगळं कोमेजून खाली. आम्ही पावसाळा संपेपर्यंत बोटसुद्धा लावलं नाही. पेढेही नाहीत.

हो, वर्गाला जाते ना मी. बोन्सायच्या बाई फार शिस्तीच्या. त्यांचे सगळे शब्द जपानी. डोंगरातून काढून आणलेल्या झाडाला यामादोरी, वाळक्या फांदीला जिन, खोडावरच्या साल सोललेल्या पट्ट्याला शारी. मी घरी येऊन दादाला फोन करते, तर दादा तेच सगळं सांगोल्याच्या भाषेत सांगतो. बाई म्हणतात, बुडाशी येणारे फुटवे लगेच काढा. दादा म्हणतो, पाणसोट ठेवायचा न्हाई, सगळा रस तोच पितो. बाई म्हणतात, कात्री दर वेळी निर्जंतुक करा. दादाचे गडी छाटणी करताना झाडागणिक कात्री हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवतात, तेल्यानं शिकवलंय त्यांना. बाई महागडा मलम विकत घ्यायला सांगतात, दादा मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लाव म्हणतो. मी बोर्डो लावली. बाईंना निळा रंग दिसला, पण बोलल्या काही नाहीत.

खरी मारामारी आकारावरून. झाडाची तीन खोडं होती. आपल्याकडे डाळिंब असंच झुडपासारखं वाढवतात, तीन-चार खोडं ठेवून. एक दगावलं तर दुसरं आहे, हा हिशोब. त्यातलं मधलं जाड, सरळ, गुळगुळीत. डावं बारीक. आणि उजवं, वहिनी, उजवं बघायलाच हवं तुम्ही. जुनं डाळिंब स्वतःभोवती पिळत जातं, तसा त्याला पीळ पडलेला. अर्धा भाग मेलेला, आत पोकळ, आणि जिवंत सालीची एकच पट्टी पिळासोबत वर गेलेली. माळीबुवांनी पाहिल्याबरोबर सांगितलं, हे कुजकं काढा, मधलं ठेवा. वर्गातल्या सगळ्यांनीही मधलंच म्हटलं. जाड खोड म्हणजे भारदस्त झाड, असं असतं ना लोकांच्या डोक्यात. बाई मात्र घमेल्याभोवती दोन फेऱ्या मारून मला म्हणाल्या, तुम्ही ठरवा.

मी मधलं कापलं. हो, चांगलं, धडधाकट खोड कापलं! ह्यांनी दोन दिवस तोंड फिरवलं. पण बघा ना, ते सरळसोट खोड बुडाशी जेवढं जाड, तेवढंच वरही. त्यात ना वय दिसतं, ना काही घडून गेल्याची खूण. पिळाच्या खोडाला खाली मुळांचा पसारा होता, वर निमुळतं होत गेलेलं होतं. डावं बारीक ठेवलं, लेकरू म्हणून. मधल्याचा खुंट मुद्दाम ठेवला, चार बोटं उंच, आणि यंदा तो कोरला. डाळिंबाचं वाळकं लाकूड कठीण असतं हो, छिन्नी लागत नाही पटकन. रेषेनं रेषेनं ओढून काढलं, म्हणजे करवतीची खूण जाते आणि वीज पडल्यासारखं, आपोआप मोडल्यासारखं दिसतं. त्यालाच आज ते वासाचं पाणी. आधी पिवळं दिसतं, वाळलं की पांढरंफटक. ते दिसण्यासाठी तर आहेच, पण आपल्या पावसाळ्यात उघडं लाकूड चार महिने भिजतं, नाही लावलं तर भुसा होईल त्याचा. मातीवर प्लास्टिक घातलं होतं आधी. ते पाणी मुळांत गेलेलं चालत नाही.

तारा? त्या आत्ता गेल्या दिवाळीनंतर घातल्या. डाळिंबाची जुनी फांदी भारी ठिसूळ, वाकवायला गेलात की कडकन. म्हणून वळण लावायचं ते कोवळ्या फुटीला, हिरवी आहे तोवर. अॅल्युमिनियमची तार, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याची, तिरकी तिरकी गुंडाळायची. आणि सारखं लक्ष ठेवायचं. उन्हाळ्यात फांदी फुगली की तार सालीत रुतते, आणि ते वळ वर्षानुवर्षं जात नाहीत. फांद्यांच्या टोकाला काटे आहेत, माझी बोटं बघा. भाजणी मळताना मिरपूड लागली की आई आठवते.

कालच पलीकडच्या मावशी म्हणाल्या, झाडाचे हाल करता, घरात बरकत राहत नाही. आता काय बोलायचं? माझा दादा वर्षानुवर्षं बागेची छाटणी करतो, पाणी तोडतो, पानगळीचं औषध मारतो, त्याला नाही कुणी म्हणत हाल करतोस, त्याला भाव विचारतात. आमचा भाचा मेरीलँडला असतो ना, तो वॉशिंग्टनला जाऊन एका पाइनचा फोटो काढून आला. १६२५ पासून कुंडीत आहे म्हणे. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते तिथून दोन मैलांवर होतं, तरी जगलं, आणि १९७६ मध्ये जपानी घराण्यानं ते अमेरिकेला भेट दिलं. चारशे वर्षं हाल सोसून कुणी एवढं तजेलदार राहतं का? मावशींना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, फोटोत काय, काहीही दाखवतात.

फळाचं विचारताय? तिथेच तर घोडं अडलंय. बाईंचं म्हणणं, फुटीची टोकं सारखी खुडत राहा, म्हणजे फांद्या दाट होतात, पानं बारीक होतात. आणि दादा फोनवर हसतो. डाळिंबाची कळी येते ती जुन्या लाकडावरच्या आखूड काड्यांना आणि फुटीच्या टोकाला. तू टोकंच खुडणार, तर कळी काय हवेत लागेल? म्हणजे एक तर आकार, नाही तर फळ. पहिली काही वर्षं दोन्ही मिळत नाहीत, आणि हे बोन्साय विकणारे लोक सांगत नाहीत. तुम्ही प्रदर्शनात फळांनी लगडलेली झाडं बघता, एम्प्रेस गार्डनला जानेवारीत, ती सगळी घडून झालेली झाडं असतात.

शिवाय बारीक होतं ते पान. फळ नाही होत. झाड दीड फुटाचं केलं म्हणून डाळिंब लिंबाएवढं येत नाही, गणेशचं आलं तर पाव किलोचंच येणार. ती नाजूक फांदी, तिला हे एवढं ओझं! म्हणून जाणती माणसं बारीक फळाची जात घेतात, नाही तर फळं काढून टाकून एखादंच ठेवतात.

मीही यंदा सगळ्या कळ्या खुडणारच होते. पण मध्येच आजी आल्या. रिक्षानं, एकट्या, घरी न सांगता. कुणाला बोलू नका हं हे. झाडाकडे बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर “अगोबाई, केवढंसं केलंस गं!” मग खाली बसून बराच वेळ त्या पिळाच्या खोडावरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, या पिळावर आमच्या ह्यांचा पंचा वाळत असायचा. आणि जाताना हळूच, “गणपतीला दर वर्षी घरचं डाळिंब असायचं. यंदा लागेल का गं एखादं?”

आता तुम्हीच सांगा, त्यांना काय आकार आणि टोकं समजावत बसू? रात्री दादाला फोन लावला. तो लगेच हिशोबाला बसला. आंबे बहार धरायचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत पाणी सोडायचं, फुलापासून फळाला पाच-सहा महिने, भाद्रपदात तयार. पण बागेत बहार धरायच्या आधी महिना-सव्वा महिना पाणी तोडतात, ताण देतात, तेव्हा कुठे झाड कळीवर येतं. घमेल्यात तेवढा ताण दिला तर झाडाचंच वर्षश्राद्ध. तेव्हा दोघांनी तोडगा काढला, पानं जरा मलूल व्हायला लागेपर्यंतच थांबायचं, मग घोटभर पाणी, पुन्हा थांबायचं. आणि मागच्या बाजूची एक फांदी अजिबात कापायची नाही, समोरून दिसत नाही ती. तिला मन मानेल तसं वाढू दिलं. ह्या फांदीला फुलंही आली, आणि निम्म्याहून जास्त गळली. हे घाबरले. पण डाळिंबात दोन तऱ्हेची फुलं असतात. घंटेसारखी असतात ती नर फुलं, ती गळणारच. बुडाशी फुगीर, सुरईसारखी असतात ती धरतात. दादा त्याला सेटिंग म्हणतो. आमच्याकडे एकच सेटिंग झालंय. अळीनं पोखरू नये म्हणून त्याला कागदी पिशवी बांधली, खालून काठीचा टेकू दिला. आणि पाणी अगदी नेमानं, कारण एकदा कोरडं पाडून मग भसकन घातलं की फळ तडकतं. बाई पुढच्या आठवड्यात झाड बघायला येणार आहेत. त्या आल्या की घमेलं भिंतीला टेकवून ठेवायचं असं आमचं ठरलंय. विचारलंच त्यांनी, तर सांगेन, खोड जाड व्हायला सोडलीये फांदी. अर्धं खरंच आहे ते, मोकळी सोडलेली फांदी खोडाला पोसतेच.

भाद्रपद झाला की मग ती फांदी जाईल. पुढे बारीक चाळलेली माती, उथळ तबक, निळ्या झिलईचं. फुलाफळांच्या झाडांना झिलईची कुंडी घ्यायची पद्धत आहे, आणि डाळिंबाच्या केशरी फुलाला निळा रंग काय खुलेल! ह्यांना अजून किंमत सांगितलेली नाही.

बरं, मघापासून मला एक विचारायचंय. तुम्ही ही भिंत उंच करून घेताय म्हणे? मिस्त्री परवा मापं घेत होता, आमच्या ह्यांनी ऐकलं. हरकत काही नाही हो, तुमची भिंत. पण मग तिच्या कडेची करवंदीची रांग काढणार ना तुम्ही? नाही, दुसरी-तिसरी नको मला. नळाजवळची ती शेवटची. तुम्ही कधी खाली वाकून बघितलीये का तिच्या बुडाकडे? दर वर्षी कातरून कातरून खोड मनगटाएवढं झालंय, वर सगळा बारीक पसारा. आणि करवंद मुळातच एवढंसं. दीड फुटाच्या झाडावर लागलं तरी ओझं नाही, शोभूनच दिसेल. काटे दुहेरी आहेत, चीकही येतो, त्याचं मी बघेन. कैरी घालून तुम्ही लोणचं करता ती करवंदं तुमचीच, एकूण एक.

फक्त एवढं करा, मिस्त्रीला आत्ता नका बोलावू. करवंदीची पानं गळत नाहीत, ती बारा महिने हिरवी, या उन्हात उपटली तर तग धरायची नाही. मृगाचा एक चांगला पाऊस पडू दे. मिस्त्री ऐकत नसेल तर त्याला माझ्याकडे पाठवा, आमच्या मोरीचं काम तसंही राहिलंय, तोवर इकडे गुंतवते त्याला.